कल्ला उघडून घेतलेला मीटर

“याचा कल्ला उघडून दाव,” हिराबाय म्हणाली.

काउंटरपलीकडून केतनभाई माझ्याकडे बघायला लागले. अलिबागच्या बाजारपेठेत त्यांचं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. पण कुणी मल्टिमीटरचा कल्ला बघायला मागितल्याची ही पहिलीच वेळ असावी.

“बेन, हा इलेक्ट्रॉनिक आयटम आहे. पापलेट नाय.”

“मना म्हाईत हाय पापलेट न्हाय. पापलेट असता त मी तुज्याकडं कशाला आली असती? आतून बगल्याबिगर मी काय घेत न्हाय. राऊतदादा, सांगा याला.”

मी हसू दाबलं आणि खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. कारण बाई बोलत होती ते बरोबरच होतं. मासा ताजा आहे की शिळा ते कल्ल्याच्या आत कळतं, आणि मीटर घेण्याजोगा आहे की नाही ते मागच्या झाकणाच्या आत.

आम्ही दोघं त्या दुकानात कसे पोचलो ते आधी सांगतो.

आमची नागावला नारळ-सुपारीची वाडी आहे. भाऊ ती बघतो, बहीण शाळेत शिकवते. मी मात्र न्हावा शेव्याला एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेलो आणि कंटेनरच्या ट्रेलरांच्या वायरी सोडवण्यात जन्म काढला. इलेक्ट्रिकल सुपरवायझर म्हणून रिटायर झालो. घरच्यांना वाटलं, आता हा वाडीत बसून सुपाऱ्या मोजेल. मी चोंढीला रस्त्याकडेला गाळा घेतला आणि ‘ऑटो इलेक्ट्रिक’ असा बोर्ड लावला. बायको म्हणाली, “तुम्हाला घरात करमायचं नाही, हे मला लग्नातच कळलं होतं.”

हिराबाय थळची. माणगावच्या बाजारात मासळी विकते. घरची छोटी होडी होती, ‘दर्याराणी’ नावाची. ती जुनी झाली तेव्हा विकून टाकली आणि त्याऐवजी एक छोटा टेम्पो घेतला. नाव तेच ठेवलं. टेम्पोच्या कपाळावर निळ्या रंगात ‘दर्याराणी’, दोन बाजूंना दोन डोळे काढलेले, वर भगवं निशाण. पहाटे आळीतल्या बायका आपापल्या टोपल्या त्यात चढवतात आणि माणगावला जातात.

टेम्पो चालवते हिराबायची सून प्रणाली. उरणची मुलगी. माहेरी वडिलांचा टेम्पो होता, तिथे शिकली. नवरा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी, तो आठ-आठ दिवस समुद्रात. मग गाडी हिने हातात घेतली. त्या घाटवळणाच्या रस्त्यावर ती गाडी अशी नेते की मागे टोपलीतला बर्फसुद्धा हलत नाही, असं बायका सांगतात. पण आळीतल्या पुरुषांना हे फारसं पचलेलं नव्हतं, आणि त्यात पहिला नंबर तिच्या सासऱ्याचा. दामोदर नाखवा. उभा जन्म होडीचं सुकाणू धरलेला माणूस. सुकाणू बाईच्या हाती, ही कल्पनाच त्यांच्या डोक्यात बसत नव्हती.

आणि अशात बॅटरी उतरायला लागली.

रोज नाही. गंमत तीच होती. रोजच्या धावपळीत गाडी एका सेल्फमध्ये चालू व्हायची. पण भांगाचे दिवस आले की घोटाळा. भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासचे दिवस. भरती-ओहोटीला जोर नसतो, प्रवाहात बांधून ठेवलेल्या डोलीच्या जाळ्यात फारसं काही येत नाही, मग होड्या उभ्या आणि टेम्पोही उभा. भांग संपला, पहिली मासळी आली, बायका टोपल्या घेऊन हजर झाल्या की दर्याराणी ‘टक’ असा आवाज करून गप्प. मग ढकला, शेजारच्याची बॅटरी आणा, आरडाओरडा. माणगावला पोचेपर्यंत ठरलेली गिऱ्हाइकं दुसऱ्यांकडे गेलेली.

सगळ्यांनी निदान करून टाकलं होतं. सून भांगाच्या दिवसांत गाडीत बसून गाणी ऐकते. लाईट चालू ठेवते. विसरते. बाईमाणसाचं लक्ष कुठे असतं!

“काका, मी लाईट बंद करते. चावी काढते. परत येऊन बघते,” प्रणाली मला म्हणाली होती. “आता तर मी गाडीत बसतच नाही. तरी होतंय.”

बॅटरी मी चार्ज करून, लोड देऊन तपासली. ठीक होती. अल्टरनेटर, म्हणजे चालत्या गाडीत बॅटरी भरणारं यंत्र, तेही ठणठणीत. टर्मिनलवर, म्हणजे बॅटरीच्या दोन टोकांवर, पांढरा-हिरवा फुलोरा यायचा, तो मी दरवेळी घासून काढायचो. किनाऱ्यावरच्या सगळ्याच गाड्यांना तो येतो, म्हणून मी त्याचं फार मनावर घेतलं नाही.

तिसऱ्यांदा गाडी आली तेव्हा तिच्याबरोबर हिराबाय आणि नाखवा दोघेही आले. नाखवांनी गाळ्यात पाऊल ठेवताच सांगितलं, “राऊत, आता शेवटचं. या भांगानंतर गारी चालू झाली न्हाय, त मी डायवर ठेवनार. पोयनाडचा एक हाय, बोलून ठेवलंय.”

प्रणाली टेम्पोच्या दाराशी उभी होती. हिराबाय नवऱ्याकडे बघत म्हणाली, “बोलून ठेवलंय म्हने. मना इचारलंत?”

मी भांडणात पडलो नाही, बॅटरीजवळ बसलो. बंद गाडीत चोरून करंट कोण खातंय ते बघायचं होतं. त्याची रीत सोपी आहे. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवायची आणि सोडवलेल्या जागी मधे मीटर जोडायचा. मग गाडीत जो करंट जाईल तो मीटरमधूनच जाईल आणि आकडा दिसेल. फक्त अशा वेळी चावी फिरवायची नाही. मीटर दहा अँपिअरचा असतो आणि स्टार्टर मोटर शेकड्यांनी खेचते.

हे मी मोठ्याने सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली. नाखवांनीसुद्धा.

माझा चांगला मीटर डिस्प्ले जाऊन पडला होता. हातात होता तो पुतण्याने ऑनलाइन मागवून भेट दिलेला, पिवळा, खिशात मावणारा. मी तो जोडला. आकडा स्थिर व्हायला थोडा वेळ लागतो, म्हणून वाट बघत बसलो. नाखवांना वाट बघायची सवय नाही. ते दुसऱ्या बाजूने चढले आणि “बगू तरी चालू होतंय का” म्हणत चावी फिरवली.

मीटरमधून आधी वास आला, मग धूर, मग एक बारीकसा ‘फट’. मी वायरी ओढून काढल्या. मीटरच्या पोटाला भोक पडलं होतं.

“काय झालं?” नाखवा वरून म्हणाले.

“काय न्हाय,” हिराबाय म्हणाली. “तुमी उतरा खाली. आनि हात खिशात घाला.”

मग ती माझ्याकडे वळली. “नवऱ्यानं जाळला, बायको घेऊन देल. चला दादा, दुकानात.” मी नको नको म्हणत होतो. ऑनलाइन मागवतो म्हणालो. “हात न लावता काय घेयाचं?” असं म्हणून ती माझ्या स्कूटरवर मागे बसलीसुद्धा.

तर असे आम्ही केतनभाईंच्या काउंटरवर.

केतनभाईंनी पहिला काढला तो माझ्या जळक्या मीटरचाच जुळा भाऊ. मी झाकण उघडलं. लाल प्रोब, म्हणजे मोजायची टोकदार तार, लावायची दोन भोकं असतात, एक बारीक करंटचं आणि एक दहा अँपिअरचं. बारीक भोकामागे एक काचेचा फ्यूज होता. दहाच्या भोकामागे नुसती जाड तार. फ्यूज म्हणजे आपण होऊन जळून बाकीच्यांना वाचवणारा तुकडा. तो नसेल तर मीटरच जळतो, आणि कधी कधी धरणाऱ्याचा हातही. भोकाशेजारी ‘अनफ्यूज्ड’ असं लिहिलेलं होतं, मुंगीच्या अक्षरात.

“यो मेलेला,” हिराबायने निकाल दिला.

मग केतनभाईंनी एक चिमट्याचा मीटर काढला. क्लॅम्प मीटर. वायर कापायला नको, सोडवायला नको, नुसती चिमट्यात धरायची की करंट दिसतो. “सगळे वायरमन हाच नेतात. फर्स्ट क्लास.”

“घरच्या वायरिंगला फर्स्ट क्लास,” मी म्हणालो. “पण यावर करंटच्या खुणेसमोर नुसती नागमोडी रेघ आहे. म्हणजे हा एसी करंट दाखवणार, घरात येतो तो. गाडीच्या बॅटरीचा डीसी. तो याला दिसतच नाही. गाडीला आग लागली तरी हा शून्य दाखवेल.” डीसी मोजणारे चिमटेही मिळतात, पण त्यांच्या दुकानात नव्हते. आमच्या कंपनीच्या परचेसवाल्यांनी एकदा असलेच एसी चिमटे खोकाभर आणले होते. मॅनेजर मला म्हणाले, “राऊत, ॲडजस्ट करा.” मी म्हणालो, “साहेब, मी करतो, ट्रेलरला सांगा.” ते खोकं माझ्या रिटायरमेंटपर्यंत कपाटावर होतं.

तिसरा काढला तो तर दवाखान्यात शोभेल असा. मोबाइलला जोडता येतो, तापमान दाखवतो, हजार व्होल्टपर्यंत जातो. केतनभाईंनी तो मखमलीच्या पाउचमधून काढला.

“हजार व्होल्ट कुठं हायत आमच्या गारीत?” हिराबायने विचारलं.

“बारा आहेत,” मी म्हणालो.

“मंग त्याला मखमलीतच राहू दे.”

चौथा करडा, भोवती नारिंगी रबराचं कवच. मी झाकण उघडलं. दोन फ्यूज होते, दहाच्या भोकाला पांढऱ्या चिनीमातीचा जाडजूड, वाळू भरलेला. मी हिराबायला दाखवला. तिने मान वाकडी करून बारकाईने पाहिलं. “लालभडक न्हाय, पन हाय.” प्रोबच्या वायरी मऊ होत्या, थंडीत ताठर होणाऱ्या नव्हत्या. मग मी मॅन्युअल काढून दोन गोष्टी बघितल्या. एक, हा आपोआप बंद होतो ती सोय रद्द करता येते का. कारण करंटची चोरी पकडायला कधी कधी तासभर बसावं लागतं, आणि दर थोड्या वेळाने मीटर झोपी गेला तर राखण कोण करणार? येत होती.

दुसरी गोष्ट जरा समजावून सांगतो. मीटर व्होल्टेज बघताना स्वतःही थोडा करंट पितो. आम्ही जुनी माणसं बल्बला दोन वायरी लावून टेस्ट लॅम्प करायचो, तो तर ढसाढसा पितो. जाड वायरीत करंट नीट येतोय का हे बघायला तोच चांगला. पण जिथे करंट नुसता पाझरतोय तिथे बल्ब पेटतच नाही आणि आपण म्हणतो, इथे काही नाही. चांगला डिजिटल मीटर जवळजवळ काहीच पीत नाही, लांब उभा राहून बघतो. याची खूण म्हणजे मॅन्युअलमध्ये ‘दहा मेगाओहम’ असं लिहिलेलं असतं. यात होतं.

केतनभाईंच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवर लावून बघितला, आकडा स्थिर. “हाच द्या,” मी म्हणालो.

“थांबा,” हिराबाय म्हणाली. तिने मीटर हातात घेतला, वजन केलं, उलटासुलटा केला आणि तो तिच्या हातातून सुटून धाडकन फरशीवर पडला.

केतनभाई किंचाळले. हिराबायने शांतपणे उचलून माझ्या हातात दिला. “सुटला. बगा, चालतो का?”

चालत होता. तिने कमरेच्या पिशवीचा बंद सोडला. मी आयुष्यात पुष्कळ मीटर घेतले, पण असं इन्स्पेक्शन कंपनीतही कधी झालं नाही.

गाळ्यावर परत आलो. नाखवा खरंच हात खिशात घालून बसले होते. मी नवा मीटर जोडला, चावी माझ्या खिशात ठेवली आणि वाट बघितली. आकडा आला अगदी किरकोळ. रेडिओच्या मेमरीला लागतो तेवढा, आणि डॅशबोर्डवर देवीच्या फोटोपुढे एक चिमुकला लाल दिवा अखंड असतो, त्याचा. एका मेकॅनिकने मागे तोच चोर ठरवून काढून टाकला होता, हिराबायने परत लावला होता. मी तो काढून आणि लावून दाखवला. त्याच्याने बॅटरी उतरायला महिने लागले असते.

“देवी निर्दोष,” मी म्हणालो.

“ते मना म्हाईतच होतं,” हिराबाय म्हणाली.

“म्हंजे गारीत चोर न्हाय,” नाखवा उठत म्हणाले. “बॅटरी बरी, देवी बरी. मंग ऱ्हायलं कोन?”

सगळे प्रणालीकडे बघायला लागले. तिचे डोळे भरून आले आणि ती टेम्पोच्या मागे जाऊन उगाचच फाळका लावल्यासारखं करू लागली. मला मनापासून राग आला. नाखवांचा आला, आणि त्याहून जास्त माझ्या मीटरचा. आकडा बरोबर होता आणि त्याने निर्दोष मुलीला अडकवलं होतं.

“नाखवा,” मी म्हणालो, “मीटर सांगतोय की गाडी इथे, माझ्या गाळ्यात, या घटकेला चांगली आहे. तिथे थळला काय होतं ते यात नाही. भांग कधी लागतोय?”

“परवा.”

“तेरवा संध्याकाळी येतो. तोवर पोयनाडला फोन करू नका.”

थळला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या उंच मांडणीवर, बोंबील वाळत होते. नाखवा ओसरीत जाळं शिवत बसले होते. दर्याराणी किनाऱ्याला लागूनच, वाळूच्या टणक पट्ट्यावर उभी होती. तोंड समुद्राकडे. होडी लावतात तशीच.

आणि हिराबाय साडीचा ओचा खोचून तिला आंघोळ घालत होती.

मी लांबच थांबलो. असं प्रेमाने गाडी धुणारं माणूस मी क्वचित पाहिलंय. बालदी भरायची, समोरून एक लोट, डोळ्यांवर हात फिरवायचा, मग बाजूने, मग मागचा हौदा खसाखसा. हौद्यातलं पाणी फळ्यांमधून खाली निथळत होतं. प्रणाली बालद्या आणून देत होती. बालद्या येत होत्या समुद्रातून.

“हिराबाय,” मी विचारलं, “गाडी खाऱ्या पाण्याने धुता?”

“मंग कनच्या? गोडं पानी प्यायला. धुवायला एवरा दर्या हाय. माज्या सासऱ्यानं होडी आख्खा जनम याच पान्यानं धुतली.” तिने बालदी ठेवली. “भांगाला दोनी टायम धुते. होड्या उभ्या असतात तवा होड्यांची चाकरी करायची, ही आमची रीत. ही पन होडीच ना आमची?”

मग तिने एक गोणपाट घेतलं, लाटेत बुचकळलं आणि वाकून टेम्पोच्या बाजूला, हौद्याखाली, जिथे बॅटरी बसवलेली असते तिथे नीट पसरलं. बॅटरीचं मूळचं प्लॅस्टिकचं झाकण केव्हाच तुटलेलं होतं.

“हे काय?”

“ऊन लागतंय तिला. तापते. बरफावर न्हाय का आमी वलं गोनपाट घालत? सुकलं की परत भिजवते.”

“आणि निघायच्या दिवशी?”

“निघताना काढते ना. टोपल्यांवर घालायला लागतंय.”

मी जागच्या जागी उभा राहिलो. माझ्याकडे गाडी यायची तेव्हा गोणपाट नसायचं. चोंढीपर्यंत वारं लागून बॅटरी कोरडी झालेली असायची. टर्मिनलवरचा फुलोरा मात्र मी स्वतःच्या हातांनी घासला होता, तीन वेळा.

मी बसलो. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर ठेवला आणि लाल प्रोब ओल्या गोणपाटावर. गोणपाटावर! तिथे शून्यच यायला हवं. साडेसहा व्होल्ट दाखवले. पॉझिटिव्हच्या बाजूला सरकवला तसे वाढले, इकडे आणला तसे कमी झाले. बॅटरीच्या दोन टोकांवर मिठाच्या पाण्याचं एक जाड, ओलं गोणपाट आडवं पडलं होतं आणि त्यातून करंट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे निवांत पाझरत होता. दिवसरात्र. शिवाय मिठाने टर्मिनल खाल्लेली, म्हणून उरलासुरला करंटही स्टार्टरपर्यंत धड पोचत नव्हता.

आणि हे मला गाळ्यात का दिसलं नाही? तिथे गोणपाट नव्हतं, हे एक. आणि असतं तरी मी मीटर वायरीत जोडला होता, हा करंट वायरीत उतरतच नव्हता. तो बॅटरीच्या डोक्यावरच फिरून परत जात होता. भात उंदीर खातात म्हणून आपण दाराशी राखण करावी आणि उंदीर कणगीतच असावेत, तसं झालं.

प्रणाली माझ्या शेजारी वाकून बघत होती. मुलगी हुशार. आकड्यावरून गोणपाटाकडे, गोणपाटावरून सासूकडे तिची नजर गेली. मग ती हळूच म्हणाली, “काका, नका सांगू.”

“काय?”

“आईंना वाईट वाटेल. सगळ्या आळीत त्या एकट्या माझ्या बाजूने भांडल्या. तुम्ही गोणपाट काढायला सांगा, गोड्या पाण्याने धुवा म्हणा. दुसरं काहीतरी कारण सांगा.”

“अगं, मग नाव तुझं राहील!”

“राहू दे. गाडी चालू झाली म्हणजे बस.”

तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला, हे कबूल करतो. आणि त्याच वेळी असं वाटलं की हिला चांगली झापावी. पण यांपैकी काहीच करायला वेळ मिळाला नाही, कारण हिराबाय पदराला हात पुसत आमच्या डोक्यावर येऊन उभी राहिली.

“काय कुजबुजताय? माजा मीटर काय दावतो?”

मीटर तिचा होता, हे खरंच होतं. मी मुकाट्याने प्रोब तिच्या हातात दिले. “तुम्हीच बघा. काळा या टोकावर. लाल त्या गोणपाटावर.”

तिने लावले. आकडा आला. “हे काय?”

“बॅटरीतला करंट. तो इथे असायला नको.”

तिने प्रोब उचलला, परत टेकवला. इकडे, तिकडे. मग गोणपाट एका हाताने काढून बाजूला टाकलं, पदराने बॅटरीचं डोकं खसखसून पुसलं आणि लाल प्रोब त्याच जागी ठेवला. आकडा घसरला आणि जवळजवळ शून्यावर आला. तिने गोणपाट परत टाकलं. साडेसहा. काढलं, पुसलं. शून्य. प्रणाली वाळूकडे बघत होती.

हिराबायने प्रोब खाली ठेवले आणि सरळ उभी राहिली. मला वाटलं, आता रडणार.

ती हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग तोंडाला पदर लावला, मग पदर सोडूनच दिला. टेम्पोला टेकून, पोट धरून हसत होती. वलांडीवरच्या बायका बघायला लागल्या. मग तिने ओसरीकडे तोंड करून, वादळात होडीला हाक मारावी तशी हाक मारली.

“अवो नाखवा! इकडं या! चोर गावला!”

नाखवा जाळं टाकून धावत आले. “कोन?”

“तुमची सून न्हाय! तुमची बायको! मी पाजत व्हती दर्याला बॅटरी! रोज दोन टायम! वर वलं पांघरून घालून!”

नाखवांना काही कळेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग गोणपाटाकडे. “म्हंजे लाईट...”

“लाईट हिनं कवाच चालू ठेवली न्हाय,” हिराबाय म्हणाली. हसणं थांबलं होतं. तिने प्रणालीला जवळ ओढलं आणि ओल्या हातांनीच तिचा चेहरा धरला. “बाय माजी. इतके दिवस माज्यापायी तू बोलनी खाल्लीस. आनि आता या दादांना ‘सांगू नका’ म्हनत व्हतीस, मना काय आयकू येत न्हाय?”

प्रणाली एकदम रडायला लागली, आणि रडता रडता हसायला. वलांडीवरच्या बायका तोवर आल्याच होत्या. हिराबायने प्रत्येकीला प्रोब लावून आकडा दाखवला. सहा-सात वेळा तेच प्रात्यक्षिक झालं. वर्कशॉपमधल्या माझ्या ट्रेनिंगला एवढी गर्दी कधी जमली नव्हती, आणि एवढी मन लावून ऐकणारी तर नाहीच.

मी टर्मिनल गोड्या पाण्याने आणि सोड्याने धुतली, कोरडी केली, ग्रीस लावलं. बॅटरीवर नवं झाकण बसवलं. धुवायचीच असेल तर नळाच्या पाण्याने, आणि बॅटरीची बाजू सोडून, असं सांगितलं. नाखवा सगळा वेळ बाजूला उभे होते. शेवटी खाकरले.

“प्रनाली,” ते म्हणाले. बहुतेक पहिल्यांदाच तिला नावाने हाक मारली असावी, कारण तिने दचकून पाहिलं. “भांग उठला की मी बी येनार माणगावला. तुज्या बाजूला बसून.”

“कशाला?” हिराबायने विचारलं.

“बरफ हालतो का न्हाय, बगायला.”

भांग उठला त्या सकाळी मला फोन आला. बोलणं काही झालंच नाही, नुसता इंजिनचा आवाज आणि मागे बायकांचा गलका. एका सेल्फमध्ये चालू झाली होती. पोयनाडच्या ड्रायव्हरला नाखवांनी स्वतःच नाही म्हणून कळवलं, हे मला मागाहून समजलं.

काही दिवसांनी मी माणगावला एका कामाला गेलो होतो. मासळी बाजारावरून जाताना ओळखीचा आवाज आला. हिराबाय एका गिऱ्हाइकाला हलवा कापून देत होती आणि सुरी चालवता चालवता सगळी गोष्ट सांगत होती, आपण बॅटरीला कसं ओलं गोणपाट पांघरलं, नाव कसं सुनेचं झालं आणि खरी चोर कशी आपण. आजूबाजूच्या कोळणी हसत होत्या. प्रणाली लाजून दुसरीकडे बघत होती. गिऱ्हाईक परकं होतं, त्याला या गोष्टीचं काही देणंघेणं नव्हतं. तरी हिराबाय सांगत होती. आळीत जेवढ्या तोंडांनी सुनेचं नाव घेतलं गेलं, त्याहून जास्त कानांवर आपलं नाव घालायचं, असा तिने पणच केलेला दिसला.

गाडीच्या कामासाठी मीटर घ्यायचा असेल तर हे लक्षात ठेवा. दहा अँपिअरच्या भोकाला फ्यूज हवा, डीसी करंट दिसायला हवा, दहा मेगाओहम हवेत, आणि मधेच झोपणारा नको. गाडी गॅरेजमध्ये नाही, ती रात्री जिथे उभी असते तिथे जाऊन तपासा. एवढं केलंत की आकडा बरोबर येतो. पण तो आपल्याच अंगावर आला तर भर बाजारात ओरडून सांगायला मीटर उपयोगाचा नाही, त्याला हिराबाय लागते.